लाल ठिपका, चाळिशीचा डोळा आणि वाघावरचा नेम

चंद्रपूर शहरातून मोहर्लीच्या रस्त्याने ताडोबाकडे निघाले की दुर्गापूरच्या अलीकडे-पलीकडे ऊर्जानगरची वसाहत लागते. २९२० मेगावॅट क्षमतेच्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रात काम करणाऱ्यांची ही वस्ती. एका बाजूला कोळसा खाणी, दुसरीकडे इरई धरणाचे पाणी, मधल्या मोकळ्या जागेत माजलेली वेडी बाभूळ आणि पलीकडे थेट व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. पाणी, आडोसा आणि डुकरे-कुत्र्यांसारखी आयती शिकार असल्यामुळे वाघ आणि बिबट इथे पाहुणे राहिलेले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मरण पावला आणि लगेच दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाचा बिबट्याने बळी घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गडचिरोली जिल्ह्यातील वडसा वनविभागात 'सीटी-१' हा वाघ बेशुद्ध करून पकडण्यात आला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ जणांचे मृत्यू त्याच्या नावावर नोंदले गेले होते.

अशा प्रत्येक घटनेनंतर लोकांची मागणी एकच असते, 'डार्ट मारा आणि घेऊन जा.' वाघ हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती मिळाली की सारा भार एका माणसाच्या डोळ्यावर आणि बोटावर येतो. हातात हवेच्या किंवा कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबावर चालणारी डार्ट गन, समोर झुडपात अर्धवट दिसणारे जनावर, आणि वेळ बहुधा सायंकाळची.

या बंदुकीवर नेम धरण्यासाठी काय लावावे? साधी खाच आणि खुंटी, दुर्बीण, की हल्ली पिस्तुलांपासून रायफलींपर्यंत सगळीकडे दिसणारे लाल ठिपक्याचे साधन, म्हणजे 'रेड डॉट साइट'? वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याचे अर्धे उत्तर नेत्रविज्ञानात आहे आणि उरलेले शाळेत शिकलेल्या गुरुत्वाकर्षणात.

ठिपका वाघाच्या अंगावर पडत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. चित्रपटात माणसाच्या छातीवर फिरणारा लाल ठिपका दिसतो तो लेझरचा. रेड डॉट साइटमधून बाहेर काहीही फेकले जात नाही. बंदुकीवर बसवलेल्या छोट्या काचेच्या खिडकीत एक बारीक एलईडी दिवा असतो. त्याचा लाल प्रकाश किंचित वक्र काचेवर पडतो आणि नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे परत येतो. काचेवर असा लेप दिलेला असतो की लाल प्रकाश परततो आणि समोरच्या दृश्याचा बाकीचा प्रकाश आरपार येतो. काचेच्या वक्रतेमुळे परतणारे किरण समांतर होतात. समांतर किरण खूप दूरच्या वस्तूकडून आल्यासारखे भासतात, म्हणून तो ठिपका काचेवर न दिसता दूर, जनावराच्या अंगावर टेकल्यासारखा दिसतो. दिसतो फक्त नेम धरणाऱ्याला. वाघाला किंवा शेजारी उभ्या वनरक्षकाला त्याचा पत्ताही नसतो.

कल्पना जुनी आहे. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली अशा परावर्तक नेमसाधनाची रचना मांडली. विजेवर चालणारे आजच्या धर्तीचे साधन १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बाजारात आणले. पुढे ते इतके लहान झाले की पिस्तुलावरही मावू लागले.

एका वेळी एकच अंतर

आता डोळ्याकडे वळू. साध्या नेमात तीन गोष्टी एका ओळीत आणायच्या असतात. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची खुंटी आणि दूरचे लक्ष्य. अडचण ही की डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. खुंटी स्पष्ट दिसली तर वाघ धूसर होतो, वाघ स्पष्ट झाला तर खुंटी पसरट होते. म्हणून नेमबाजीच्या प्रशिक्षणात खुंटीवर नजर ठेवायला आणि लक्ष्य धूसर राहू द्यायला शिकवतात. पांढऱ्या कागदावरचे काळे वर्तुळ धूसर झाले तरी बिघडत नाही. बाभळीच्या जाळीत उभे असलेले पट्टेदार जनावर धूसर झाले तर मांडी कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होते, हेच कळत नाही.

तरुण डोळा ही कसरत सहज करतो. डोळ्यातील भिंग लवचीक असते आणि त्याभोवतीचा स्नायू क्षणात त्याचा आकार बदलतो. वय वाढते तसे भिंग कडक होत जाते. चाळिशीच्या आसपास वर्तमानपत्र लांब धरावे लागते आणि मग चष्म्याच्या दुकानात 'चाळिशी' घेतली जाते. पिस्तूल हात लांब करून धरले तर त्याची खुंटी डोळ्यापासून साधारण ६०-७० सेंटिमीटरवर येते. ती स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला दीड डायॉप्टरच्या आसपास जोर लावावा लागतो. विशीत हे जाणवतही नाही. पन्नाशीत मात्र तो जोर काही क्षणच टिकतो आणि साठीत बहुतेकांना तो चष्म्याशिवाय साधत नाही.

जवळचा चष्मा लावला तर खुंटी दिसते, पण लक्ष्य पुसट होते. दुहेरी काचेच्या चष्म्यात जवळचा नंबर खाली असतो, त्यामुळे खुंटी पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते आणि खांद्यावरचा दस्ता सैल पडतो. वन्यजीव पकडण्याच्या कामात अनुभवाला फार किंमत असते. अनुभवी हात आणि चाळिशी लागलेले डोळे बहुधा एकाच माणसाचे असतात, हीच पंचाईत.

लाल ठिपका नेमकी हीच गाठ सोडवतो. ठिपका दूर असल्यासारखा दिसत असल्याने डोळ्याने फक्त जनावराकडे पाहायचे, जवळच्या कशाकडेही नाही. जवळचा चष्मा लागत नाही. लांबचा नंबर असेल तर तेवढा चष्मा हवा. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, त्यामुळे बाजूने धावत येणारे दुसरे जनावर किंवा मध्ये शिरलेला माणूसही दिसतो. दुर्बिणीत जनावर मोठे दिसते, पण दृश्याचा तुकडा लहान होतो. वीस मीटरवर हलत्या वाघाला त्यात शोधणेच अवघड जाते.

सायंकाळची वेळ

उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरची बाहुली अंधारात तरुण माणसात सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. प्रकाश जास्त येतो, पण स्पष्टतेचा पल्ला आक्रसतो. कॅमेरा वापरणाऱ्यांना हे ठाऊक असते. बारीक छिद्रातून जवळचे-लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, मोठ्या छिद्रातून एकच. म्हणजे दुपारी ज्या खुंटीने काम भागते तीच संध्याकाळी पसरट होते. त्यात काळी खुंटी, काळपट झुडूप. वय वाढल्यावर बाहुली पूर्वीइतकी उघडतही नाही, त्यामुळे प्रौढ माणसाच्या डोळ्यात प्रकाशही कमी पोहोचतो.

इथे स्वतः उजळणारा ठिपका कामी येतो. लाल रंगाचा आणखी एक फायदा आहे. दृष्टिपटलावर अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी लाल प्रकाशाला फारशा दाद देत नाहीत, म्हणून मंद लाल ठिपक्याने अंधाराला सरावलेली नजर लवकर मोडत नाही. मात्र ठिपका मंद ठेवणे आपल्या हाती असते. दुपारच्या उन्हासाठी वाढवलेली तीव्रता संध्याकाळी तशीच राहिली, तर ठिपक्याभोवती प्रकाशाचा फुलोरा उठतो आणि त्यामागे जनावराची अर्धी मांडी झाकली जाते.

ज्यांना जन्मतः लाल रंग नीट जाणवत नाही, त्यांना हाच ठिपका फिका दिसतो. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. त्यांच्यासाठी हिरव्या ठिपक्याची साधने मिळतात.

ठिपका स्वल्पविरामासारखा दिसतो तेव्हा

काहीजण या साधनातून पाहतात आणि म्हणतात, 'माल खराब आहे.' त्यांना गोल ठिपक्याऐवजी स्वल्पविराम, चांदणी किंवा द्राक्षाचा घोस दिसतो. बहुतेक वेळा दोष काचेत नसतो, डोळ्यात असतो. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता सगळ्या दिशांनी सारखी नसली की एका बिंदूचा प्रकाश एका बिंदूत गोळा होत नाही. याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. चष्म्याच्या चिठ्ठीवर 'सिलिंडर'च्या रकान्यात आकडा असतो तो याचाच. थोडासा दोष पुष्कळ लोकांत असतो आणि वाचताना कळतही नाही. काळ्या पार्श्वभूमीवरचा तेजस्वी बिंदू मात्र तो उघडा पाडतो. रात्री समोरच्या गाडीचे दिवे रेघा फुटल्यासारखे दिसत असतील, तर हीच शंका घ्यावी.

दोष कोणाचा, हे ओळखणे सोपे आहे. साधन बंदुकीवरून काढून हातात धरावे आणि ठिपका पाहत ते हळूहळू गोल फिरवावे. वेडावाकडा आकार साधनाबरोबर फिरला तर दोष साधनात. साधन फिरले तरी आकार जागच्या जागी राहिला तर दोष डोळ्यात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपक्याचा फोटो काढला आणि तो गोल आला, तरी निष्कर्ष तोच.

उपाय आहेत. सिलिंडर नंबरचा योग्य चष्मा लावला की बहुतेकांचा ठिपका गोल होतो. तीव्रता कमी केल्यानेही फरक पडतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर ठिपक्याभोवती वलय दिसते. तिथे साधन बदलून उपयोग नाही. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रक्तातील साखर फार वर-खाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही तात्पुरता बदलतो. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे झाल्यावर केलेली तपासणीच भरवशाची.

जे ठिपका सांगत नाही

इथवर पारडे ठिपक्याकडे झुकले. आता दुसरी बाजू. ठिपका 'कुठे' पाहायचे ते सांगतो, 'किती लांब' ते सांगत नाही. आणि डार्टच्या बाबतीत अंतर हाच खरा शत्रू आहे.

डार्ट म्हणजे औषधाने भरलेली उडती सिरिंज. ती गोळीच्या मानाने फार सावकाश जाते. समजा तिचा वेग सेकंदाला ५० मीटर आहे. २५ मीटर अंतर कापायला तिला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सव्वा मीटरच्या आसपास खाली ओढते. म्हणून बंदुकीचा नेम ठरावीक अंतरासाठी जुळवलेला असतो आणि नळी किंचित वर रोखलेली असते. आता समजा नेम २० मीटरसाठी जुळवला आहे आणि वाघ प्रत्यक्षात २५ मीटरवर आहे. हिशेब केला तर डार्ट सुमारे २५ सेंटिमीटर खाली लागते. वाघ ३० मीटरवर असेल तर जवळपास ६० सेंटिमीटर खाली, म्हणजे बहुधा पोटाखालून निघून जाते. उलट वाघ १५ मीटरवर असेल तर डार्ट १५ सेंटिमीटर वर लागते. हवेचा विरोध धरला तर लांबच्या चुका आणखी वाढतात.

तुलनेसाठी ठिपक्याची जाडी पाहा. कोनाच्या मापात ६ मिनिटांचा, म्हणजे बऱ्यापैकी जाड ठिपका २५ मीटरवर साडेचार सेंटिमीटरपेक्षा कमी जागा झाकतो. नेमाच्या साधनातील बारकावे इतके लहान, आणि अंतराच्या अंदाजातील चूक वीतभर. झुडपी जंगलात, उतरत्या उजेडात, पाच मीटरची चूक कोणाचीही होते. म्हणून अंतर मोजणारे लेझर यंत्र हे लाल ठिपक्याच्या आधी विकत घेण्याची गोष्ट आहे.

अंतराचा संबंध इजेशीही आहे. जवळच्या जनावरावर जास्त दाबाने डार्ट सोडली तर ती स्नायू फाडते, हाड मोडू शकते, पोटात किंवा छातीत घुसू शकते. त्यामुळे अंतर पाहून दाब ठरवावा लागतो आणि नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड मांसल भागावरच धरावा लागतो. चरबीत किंवा कातडीखाली औषध गेले तर परिणाम उशिरा आणि अपुरा होतो. आपल्याकडे वाघ-बिबट्यासाठी झायलाझिन आणि केटामिन ही औषधे मिळून वापरली जातात. डार्ट नीट लागली तरी जनावर आडवे व्हायला काही मिनिटे जातात. अर्धवट गुंगीतला वाघ वसाहतीच्या रस्त्यावर येऊ शकतो किंवा पाण्यात पडून बुडू शकतो. चुकलेल्या नेमाची किंमत ही अशी असते.

पिस्तुलाचा हिशेब वेगळा

डार्ट मारण्याचे पिस्तूलही असते. पिंजऱ्यात आलेल्या बिबट्याला काही मीटरवरून इंजेक्शन देण्यासाठी ते सोयीचे. अशा पिस्तुलावर ठिपका लावावा का? सहसा गरज नाही. दोन-तीन मीटरवर साधा नेम पुरतो. उलट साधन नळीच्या तीन-चार सेंटिमीटर वर बसत असल्याने इतक्या जवळून डार्ट ठिपक्याच्या तेवढीच खाली लागते. पिंजऱ्याच्या गजांमधून मारताना हे विसरले तर डार्ट गजावर आपटते.

संरक्षणासाठी किंवा कामासाठी गोळीचे पिस्तूल बाळगणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. चाळिशी लागलेल्याला ठिपक्याचा फायदा होतोच; पण पिस्तूल उचलल्याबरोबर ठिपका खिडकीत सापडणे ही सवयीची गोष्ट आहे. मनगट जरा वर-खाली झाले की खिडकी रिकामी दिसते आणि घाईच्या क्षणी माणूस ठिपका शोधत बसतो. शिवाय हाताचा नैसर्गिक कंप ठिपक्याच्या थरथरण्यातून डोळ्यासमोर येतो. नवशिका ठिपका 'स्थिर झाला' असे वाटताच घोडा झटक्याने ओढतो आणि नेम घालवतो. शेकडो वेळा कोरडा सराव करण्याची तयारी नसेल, तर पिस्तुलावर ठिपका लावू नये. लावलाच तर तो बंद पडल्यावर वापरता येईल अशी साधी खाच-खुंटीही राहू द्यावी.

साध्या नेमाला कमी लेखण्याचेही कारण नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल स्पर्धांत असे प्रकाशीय साधन चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले ते खाच आणि खुंटीवरच.

राख, ऊन आणि बॅटरी

ठिपक्याच्या साधनाला बॅटरी लागते, बहुधा बटणासारखा सेल. तो ऐन वेळी संपू शकतो किंवा साधन चालू करायचेच राहून जाते. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. बंद गाडीत ठेवलेल्या बॅटरीचे आयुष्य त्यात घटते. ऊर्जानगरसारख्या ठिकाणी कोळशाची धूळ आणि राख काचेवर बसते. कोरड्या रुमालाने ती पुसली तर लेपावर चरे उठतात; आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग कापड. पावसाळ्यात गाडीतील गारव्यातून एकदम बाहेर काढलेल्या काचेवर दव धरते. आणि साधन एकदा काढून पुन्हा बसवले की नेम नव्याने जुळवावाच लागतो. तोही औषधाच्या डार्टइतक्याच वजनाच्या सरावाच्या डार्टने, वेगवेगळ्या अंतरांवर.

निर्णयाचा क्रम

मग लावावा की नाही? क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा नेम धरणाऱ्याचे डोळे तपासावेत. लांबचा नंबर, सिलिंडर, मोतीबिंदू, रंगदृष्टी. दुसरे, अंतर मोजण्याचे यंत्र हाताशी असावे. तिसरे, सरावाच्या डार्ट आणि सरावाला वेळ मिळावा. या तीन गोष्टी झाल्या असतील, माणूस चाळिशीपुढचा असेल आणि काम १५ ते ३५ मीटरवर, कमी उजेडात, हलत्या जनावरावर असेल, तर ठिपका लावणे शहाणपणाचे. या तीन गोष्टी नसतील तर ठिपका फक्त चुकीच्या जागी अधिक आत्मविश्वासाने डार्ट मारायला मदत करील.

यात आपलाही वाटा आहे. वसाहतीत वाघ दिसला की गर्दी जमते, मोबाइलचे फ्लॅश चमकतात, कोणी टॉर्च मारतो. तो उजेड नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात गेला तर अंधाराला सरावलेली नजर क्षणात जाते आणि ती परत यायला कित्येक मिनिटे लागतात. काचेच्या खिडकीवर पडला तर तिथे नुसती चकाकी दिसते, ठिपका नाही. गोंगाटाने जनावर हलते आणि मोजलेले अंतर बदलते. पथक तासभर थांबून राहिले तर ते घाबरले किंवा आळसावले असे समजू नये. ते बहुधा मांडी दिसण्याची आणि अंतर कळण्याची वाट पाहत असते. आपण त्या वेळी दिवे बंद करून घरात राहिलो तर त्यांच्या नेमाला सर्वांत मोठी मदत होते.